वावरातली मान आणि हातातला मोबाईल

मानदुखीचा विषय निघाला की घरातल्या पोट्ट्यांकडे बोट जातं. पण आज समोर बसलेल्या अंगणवाडीताईंना विचारा. 2021 पासून बालकांच्या वजन-उंचीच्या नोंदी पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाईल ॲपवर आल्या. शेतकऱ्याची ई-पीक पाहणी, म्हणजे वावरातल्या पिकाची सरकारी नोंद, तीही मोबाईलवरच. तेव्हा ‘मोबाईल ठेवून द्या’ हा सल्ला मी देणार नाही. तो तुम्हाला पाळताच येणार नाही.

आपलं डोकं साधारण पाच किलोचं. मानेचे सात मणके आणि भोवतालचे स्नायू ते तोलून धरतात. भरलेली कळशी डोक्यावर घेऊन बाई विहिरीवरून घरी येते. तीच कळशी हात लांब करून धरली तर लगेच खांदा भरून येतो. मान वाकली की डोकं असंच पुढे जातं आणि मागचे स्नायू ते ओढून धरतात. केनेथ हंसराज या अमेरिकेतल्या शल्यचिकित्सकांनी 2014 मध्ये संगणकावर हिशेब मांडला: मान 60 अंश वाकली की तिच्यावर सुमारे 27 किलोचा भार येतो. रुग्णांवर केलेली ही मोजणी नव्हे, त्यामुळे आकडा ऐकून घाबरू नका. वाकणं हे मानेचं कामच आहे. तिला सोसत नाही ते तासन्‌तास एकाच स्थितीत अडकून राहणं.

म्हणून मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती आपल्या यवतमाळ-वर्ध्याकडच्या बायांची. पावसाळ्यात निंदण, दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी. दिवसभर मान खालीच. पूर्वी संध्याकाळी ओट्यावर गप्पा व्हायच्या, तेवढा वेळ मान इकडेतिकडे वळायची, मोकळी व्हायची. आता तो वेळही मोबाईलने घेतला.

मोबाईल डोळ्यांकडे उचला, मान त्याच्याकडे नेऊ नका. मांडीवर उशी घेऊन कोपर टेकवा, हात दुखणार नाहीत. लांबलचक मजकूर मराठीत बोलून टाइप करा. वीसेक मिनिटांनी उठाच. उठल्यावर हनुवटी सरळ मागे घ्या, पाच मोजा, सोडा, असं दहादा. वेचणीच्या मधल्या सुट्टीतही हे होतं.

आणि एक कळकळीचं सांगणं. केस कापल्यावर मान कडकन मोडून घेऊ नका. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या मानेच्या मणक्यांतून जातात. झटक्याने त्या क्वचित फाटतात आणि तरण्याताठ्या माणसाला लकवा मारतो. एक्स-रेत ‘गॅप’, म्हणजे मणक्यांची झीज, निघाला म्हणून महिनोन्‌महिने मानेला पट्टाही बांधू नका; स्नायू आणखी दुबळे होतात. चाळिशीनंतर कधीच न दुखलेल्या मानेतही असे बदल दिसतात.

मात्र हातातली पकड सैल झाली, बोटांना मुंग्या येऊन बटण लावता येईना, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर ‘वेचणी आटोपू द्या, मग बघू’ म्हणू नका. त्याच दिवशी जिल्ह्याच्या दवाखान्यात जा.