आनंदाचं रसायन आणि उलटीची गोळी

[हातात गोळ्यांची पट्टी]

ही बहुतेक तुमच्याही घरात असेल. ऑन्डान्सेट्रॉन. पोरगं ओकायला लागलं की डॉक्टर देतात ती, जिभेवर विरघळणारी. आता ही गोळी काय करते? सेरोटोनिनचा निरोप अडवते. हो, तेच सेरोटोनिन, ज्याला सगळे रीलवाले ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात. मग आनंदाचा आणि उलटीचा संबंध काय?

तर मंडळी, शरीरातलं साधारण ९० टक्के सेरोटोनिन डोक्यात नसतंच. ते आतड्यात असतं. सापडलंही तिथेच. १९३०च्या दशकात इटलीतल्या पाविया इथे व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना ते सशाच्या जठराच्या अस्तरात मिळालं. नाव ठेवलं एंटेरामीन. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी रक्तातून एक पदार्थ वेगळा काढला, त्याला म्हटलं सेरोटोनिन. दोन्ही एकच आहेत हे कळायला १९५२ उजाडलं. मेंदूत ते आहे हे बेटी ट्वारोग यांनी दाखवलं १९५३ मध्ये. म्हणजे मेंदूचा नंबर सगळ्यात शेवटी.

बरं, आतड्यात त्याचं काम काय? आतड्याच्या अस्तरात इतर पेशींच्या गर्दीत अधूनमधून एक वेगळी पेशी असते, एंटेरोक्रोमाफिन. नाव विसरलात तरी चालेल, तिला ‘पहारेकरी’ म्हणू. तुम्ही वरणभात खाल्लात, तो पुढे सरकताना आतड्याच्या भिंतीवर दाब पडला, की हा पहारेकरी सेरोटोनिन सोडतो. शेजारीच चेतातंतूंची टोकं असतात, त्यांना निरोप पोचतो. मग अन्नाच्या मागचा स्नायू आवळतो, पुढचा सैल पडतो, आणि माल पुढे जातो. यात मेंदूला विचारायचीही गरज नसते. बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या तरी आतडं हे करतं, हे बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १८९९ मध्येच दाखवून दिलं होतं. आतड्याच्या भिंतीत स्वतःच्या कोट्यवधी चेतापेशी आहेत. मला तर हे आतडं गावाकडच्या त्या काकांसारखं वाटतं, जे कुणाला न विचारता सगळं लग्न पार पाडतात.

पण काही निरोप वर पाठवावेच लागतात. कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन दिलं, की हे पहारेकरी एकदम भरमसाट सेरोटोनिन ओततात. आतड्यापासून मेंदूच्या बुंध्यापर्यंत जाणारी व्हेगस नर्व्ह तिथूनच खबर उचलते: ‘विष आलंय, बाहेर काढा!’ आणि उलट्या सुरू. ऑन्डान्सेट्रॉन मुख्यतः हीच खबर अडवते. १९९०च्या दशकात ती सर्रास मिळू लागली आणि किमोथेरपी सोसणं पुष्कळ सुसह्य झालं.

आता एक गंमत. या गोळीने काहींना बद्धकोष्ठ होतं. का, ते तुम्हीच सांगा. बरोबर! माल पुढे ढकलायचा निरोपसुद्धा थोडा दबतो.

आणि घाटात गाडी लागते म्हणून हीच गोळी घेणाऱ्यांनो, तिचा तिथे फारसा उपयोग नाही. गाडी लागण्याचा गोंधळ कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेतून सुरू होतो, पोटातल्या सेरोटोनिनमधून नाही. त्याची औषधं वेगळी, डॉक्टरांना विचारा.

[केळं दाखवत]

केळ्यात सेरोटोनिन असतं, म्हणून केळं खा आणि खूश राहा, असं फॉरवर्ड तुम्हालाही आलं असेल. केळं खा, छानच आहे. पण रक्तातलं सेरोटोनिन मेंदूत शिरू शकत नाही, मेंदू स्वतःचं स्वतः तयार करतो.

आणि सेरोटोनिन टोचून हवं असेल, तर गांधीलमाशी आहेच. तिच्या विषात ते असतं, आणि कातडीतल्या वेदनेच्या तंतूंना ते नेमकं चेतवतं. पुढच्या वेळी चावली आणि ठणका लागला, की म्हणा, आनंदाचं रसायन मिळालं!