होमोसिस्टीनचा बाण आणि बी-१२

गरोदरपणातल्या रिपोर्टवर ‘होमोसिस्टीन’पुढे वर जाणारा बाण दिसला, की डॉक्टरांच्या आधी गूगल गाठलं जातं. गर्भपातापासून वार वेळेआधी सुटण्यापर्यंत सगळं वाचून झाल्यावर ती बाई रडवेली होऊन आमच्यासमोर बसते. तर आधी हे ऐका. होमोसिस्टीन हे बाहेरून आलेलं विष नव्हे. अन्नातल्या प्रथिनांमधलं मेथिओनिन शरीर वापरतं, तेव्हा ते सगळ्यांच्याच अंगात तयार होतं. त्याचं परत मेथिओनिन करायला फोलेट (गोळीतलं फोलिक ॲसिड हे त्याचंच रूप) आणि बी-१२ या दोन जीवनसत्त्वांची जोडी लागते. जोडीतलं एक कमी पडलं, की ते रक्तात साठतं.

आता गंमत बघा. लॅब बाण छापते लिटरमागे साधारण १५ मायक्रोमोलच्या पुढे. पण गरोदरपणात ही पातळी एरवीपेक्षा बरीच खाली येते. म्हणजे १२ आकडा आला तर बाण नसेल, तरी तो गरोदर बाईसाठी जास्तच.

नॉर्वेतल्या होर्डालांड अभ्यासात सुमारे ५,९०० बायकांची माहिती होती. ज्यांचं होमोसिस्टीन सर्वांत वरच्या चतुर्थांशात होतं, त्यांच्यात प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे बीपी वाढून लघवीतून प्रथिनं जाणं, सर्वांत खालच्या चतुर्थांशातल्या बायकांपेक्षा ३२ टक्के जास्त आढळला. पण रक्त तपासलं १९९२-९३ मध्ये आणि बाळंतपणं १९६७ ते १९९६ मधली! म्हणजे बहुतेकींचा आकडा त्या गरोदरपणातला नव्हताच. शिवाय पुढे जोखमीच्या गरोदर बायकांना रोज ४ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड देऊन पाहिलं. २०१८ मध्ये निकाल आला, प्री-एक्लॅम्प्सिया काही कमी झाला नाही. म्हणून नुसता आकडा खाली आणण्याच्या मागे लागण्यात मला अर्थ वाटत नाही. तो का वाढला, ते शोधायचं.

आपल्याकडे उत्तर बहुतेकदा बी-१२ मध्ये सापडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून आसपासच्या सहा गावांतल्या आयांचा अभ्यास केला. सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी होतं. फोलेट मात्र जवळपास सगळ्यांचं ठीक. पालेभाजी, डाळ ताटात होतीच. पुण्यातल्याच अभ्यासात आईचं होमोसिस्टीन जास्त, तर बाळ लहान, असंही दिसलं. आणि ज्यांचं फोलेट भरपूर पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी शरीराने इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त होतं.

सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. बी-१२ नसतं. याचा अर्थ ती गोळी बंद करा असा काढू नका, हात जोडून सांगतो! बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते, तिला फोलिक ॲसिड हवंच. तेही दिवस राहण्याच्या आधीपासून. सोबत बी-१२ बघा, एवढंच.

“बीट, खजूर चालेल का?” असं हमखास विचारतात. खुशाल खा, पण बी-१२ त्यात नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मटणात. चहापुरतं दूध घेणारी शाकाहारी बाई, किंवा पीसीओडीसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही बी-१२ घटवू शकणारी गोळी घेतलेली, हिची बी-१२ तपासणी करूनच घ्यावी. आणि होमोसिस्टीनसाठी रक्त दिलंत तर विचारा, नळी बर्फात ठेवली का? ती टेबलावर तशीच राहिली तर तांबड्या पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात आणि आकडा फुगतो. असा बाण आला तर औषध सुरू करण्याआधी पुन्हा तपासा.