लिमिटेड स्लिप डिफरन्शिअलची झीज : टायर, तेल आणि चालक

मित्रहो, ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलमधील लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी, पण एकच चाक गरगरू लागले तर त्याला आवर घालणारी गिअरयंत्रणा) किती टिकते, असा प्रश्न मला वारंवार विचारला जातो आणि विचारणाऱ्याला किलोमीटरमध्ये उत्तर हवे असते. तसे उत्तर मी देत नाही. या यंत्रणेचे आयुष्य डाव्या आणि उजव्या चाकाच्या फेऱ्यांत साचत जाणाऱ्या फरकावर ठरते, आणि तो फरक बऱ्याच अंशी गाडी सांभाळणाऱ्याच्या हातात असतो, हे मला आज सविस्तर मांडायचे आहे.

साध्या डिफरन्शिअलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) मिळतो. एक चाक चिखलात असेल, तर त्या चाकाला जेवढा टॉर्क पेलवतो तेवढाच कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही मिळतो आणि गाडी जागची हलत नाही. क्लच प्लेटच्या लिमिटेड स्लिपमध्ये दोन्ही साइड गिअरच्या (एकेका चाकाच्या दांड्याला जोडलेल्या गिअरच्या) मागे चकत्यांचे संच असतात. त्यांतल्या काही चकत्या साइड गिअरला आणि काही बाहेरच्या केसला (गिअरभोवतीच्या फिरत्या कवचाला) अडकलेल्या असतात. त्या एकमेकींवर दोन प्रकारे दाबल्या जातात. स्प्रिंगचा दाब कायम असतो. दुसरा दाब इंजिनचा जोर लागला की येतो, कारण शंकूच्या आकाराच्या बेव्हल गिअरचे दात जोराखाली एकमेकांना दूर लोटतात आणि साइड गिअर बाहेर सरकून चकत्यांवर रेटले जातात. एक चाक जवळजवळ अधांतरी असताना हा दुसरा दाब फारसा निर्माणच होत नाही, आणि मग सगळी भिस्त स्प्रिंगवर राहते. चकत्यांची जाडी झिजून थोडी कमी झाली की स्प्रिंग तेवढी सैल पडते. म्हणजे जिथे या यंत्रणेची खरी गरज असते, नेमकी तिथलीच तिची ताकद सर्वांत आधी जाते.

ही झीज बहुधा आवाज न करता होते. चकत्या संपलेले लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल साध्या डिफरन्शिअलसारखे चालते; डांबरी रस्त्यावर ते उलट अधिक गुळगुळीत वाटते. त्यामुळे ते निकामी झाल्याचे गाडी अडकल्यावरच कळते.

चकत्या झिजतात त्या घसरल्यामुळे, आणि घसरतात त्या दोन चाकांच्या फेऱ्या सारख्या नसल्या की. येथे थोडा हिशेब करू. टायरचा परीघ अडीच मीटर धरला, तर एका किलोमीटरला चाकाच्या 400 फेऱ्या होतात. सरळ रस्त्यावर आणि सारख्या टायरवर दोन्ही चाकांच्या फेऱ्या सारख्या, म्हणून डिफरन्शिअलच्या आत काहीच घसरत नाही. दोन्ही चाकांतील अंतर 1.7 मीटर असेल, तर एका काटकोनी वळणात बाहेरच्या चाकाला सुमारे 2.7 मीटर जास्त चालावे लागते, म्हणजे साधारण एक फेरी जास्त. आता एकाच अ‍ॅक्सलवरच्या दोन टायरांच्या परिघात फक्त 1 टक्का फरक आहे असे समजा. दर किलोमीटरला 4 फेऱ्यांचा फरक पडतो, म्हणजे सरळसोट महामार्गावर धावणारा ट्रक आपल्या डिफरन्शिअलला दर किलोमीटरला जवळजवळ चार काटकोनी वळणे घ्यायला लावतो. दहा हजार किलोमीटरमध्ये हा फरक 40,000 फेऱ्यांचा होतो आणि तो दोन बाजूंना विभागून प्रत्येक संचाला 20,000 फेऱ्या घासाव्या लागतात. गाडीत माल भरलेला असेल तर चकत्या अधिक घट्ट दाबलेल्या असतात. मग काही घसरण टायर सोसतात आणि उरलेली चकत्यांत उष्णता होऊन बाहेर पडते.

1 टक्का म्हणजे 400 मिलिमीटर त्रिज्येवर केवळ 4 मिलिमीटर. नव्या आणि अर्ध्या झिजलेल्या टायरच्या नक्षीत एवढा फरक सहज असतो. रेडियल टायरमध्ये आतल्या पट्ट्यामुळे त्याचा परिणाम काहीसा कमी होतो, पण नाहीसा होत नाही. म्हणून पंक्चर किंवा फुटलेल्या टायरच्या जागी एकाच बाजूला नवा टायर घालून महिनोन्‌महिने गाडी चालवणे हे मी लिमिटेड स्लिपवरचे सर्वांत मोठे संकट मानतो. वेगळ्या मापाची स्टेपनी मागच्या अ‍ॅक्सलवर घालून दूरचा प्रवास करणे हा त्याचाच वाईट प्रकार. नवे टायर जोडीनेच घालावेत. एकच हाताशी असेल, तर तो या अ‍ॅक्सलवर न घालता पुढे घालून पुढची सारखी जोडी मागे आणता येते का, ते पाहावे. मात्र पुढच्या अ‍ॅक्सललाही इंजिनचा जोर जात असेल तर हा उपाय चालत नाही.

तेलाची गोष्ट अधिक नाजूक आहे. स्थिर चकत्यांमधले घर्षण घसरत्या चकत्यांमधल्या घर्षणापेक्षा जास्त असेल, तर त्या अडकतात, सुटतात आणि पुन्हा अडकतात. हळू, तीव्र वळणात मागून येणारा गुरगुरण्याचा किंवा थरथरण्याचा आवाज याचाच असतो. फ्रिक्शन मॉडिफायर नावाचे द्रव्य तेलात असते ते स्थिर घर्षण खाली आणण्यासाठी. उष्णतेने ते संपत जाते आणि आवाज सुरू होतो. असा आवाज आला की अनेक जण लगेच अ‍ॅक्सल उघडायला निघतात, आणि हे पाहून मला खरोखर वाईट वाटते, कारण त्या चकत्यांमध्ये पकड शिल्लक असल्याचीच ती खूण असते. आधी जुने तेल पूर्ण काढून निर्मात्याने सांगितलेल्या दर्जाचे तेल आणि मोजून तेवढेच मॉडिफायर घालावे, मग मोकळ्या जागेत हळू इंग्रजी आठच्या आकारात गाडी फिरवावी, म्हणजे नवे तेल चकत्यांच्या मध्ये पोचते. मॉडिफायर जास्त घातले तर आवाज जातो, पण पकडही जाते.

जड ओझे ओढणाऱ्या आणि पाण्यातून जाणाऱ्या गाड्यांचे तेल लवकर बदलावे लागते. तापलेला अ‍ॅक्सल पाण्यात बुडाला की आतली हवा एकदम आकसते, आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची वाट) तुंबलेला किंवा पाण्याखाली असेल तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. दुधाळ तेल दिसले की ते लगेच काढावे. चुंबकी ड्रेन प्लगवर राखाडी मऊ लेप असणे स्वाभाविक आहे. बोटाला टोचणारे धातूचे तुकडे मात्र तुटलेल्या दातांची किंवा बेअरिंगची खबर देतात.

चकत्या नसलेले प्रकारही आहेत. हेलिकल (तिरप्या दातांच्या) गिअरच्या रचनेत जोराखाली गिअर आपल्या खोबणीच्या भिंतींवर आणि थ्रस्ट वॉशरवर (टोकाचा रेटा झेलणाऱ्या कडीवर) दाबले जातात, आणि त्या घर्षणातून कमी पकडीच्या चाकाला पेलवतो त्याच्या काही पट टॉर्क दुसऱ्या चाकाला मिळतो. यात झिजून संपणारे अस्तर नसल्यामुळे त्याचे आयुष्य फार मोठे असते. पण शून्याची कितीही पट केली तरी शून्यच; एक चाक हवेत असेल तर ही रचना हतबल होते, आणि चालकाने हलका ब्रेक दाबून त्या चाकाला थोडा विरोध दिला तरच पुढे सरकते.

जनरल मोटर्सच्या पिकअप ट्रकमध्ये 1973पासून आलेला ईटन कंपनीचा गव्हर्नर असलेला प्रकार तिसऱ्या जातीचा आहे. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे 100 फेऱ्यांचा फरक पडला की गव्हर्नरची वजने बाहेर फेकली जातात आणि त्यामुळे क्लच पूर्ण आवळले जातात. नेहमीच्या वळणात तो मोकळा राहत असल्याने त्याच्या चकत्यांना फारसे काम पडत नाही. त्याला धोका आहे तो धक्क्याचा. चाक वेगाने गरगरत असताना, पाय ॲक्सिलरेटरवर रोवलेला असताना तो आवळला गेला, तर सगळा आघात केस आणि गिअरच्या दातांवर येतो. येथे चालकाने पाय हलका ठेवणे हीच देखभाल.

अवजड ट्रकमध्ये बहुतेक ठिकाणी चालकाने हवेच्या दाबाने लावायचे लॉक (दोन्ही बाजू एकत्र जखडणारी यंत्रणा) असते, आणि दुहेरी अ‍ॅक्सल असेल तर त्या दोहोंमध्येही. लॉक वेळेवर न लावल्याने होणारे नुकसान मोठे असते. एक चाक थांबलेले आणि दुसरे गरगरत असताना गरगरणारे चाक क्राउन व्हीलच्या (इंजिनचा जोर डिफरन्शिअलला देणाऱ्या मोठ्या गिअरच्या) दुप्पट वेगाने फिरते; स्पीडोमीटरवर 30 दिसत असेल तर ते चाक 60च्या वेगाने फिरत असते. मंद हालचालीसाठी घडवलेले स्पायडर गिअर (दोन साइड गिअरच्या मधले छोटे गिअर) या वेगाने फिरले की त्यांच्यातला तेलाचा थर तुटतो आणि ते आपल्या क्रॉसवर (ज्या दांड्यांवर ते फिरतात त्यांवर) चिकटतात. म्हणून लॉक घसरणीच्या जागेपूर्वी लावावे, चाक गरगरत असताना लावू नये आणि कोरडा रस्ता आला की काढावे.

आता तपासणीविषयी. दोन्ही चाके उचलून एक हाताने फिरवले आणि दुसरे उलट फिरले, की लिमिटेड स्लिप गेले, असा निष्कर्ष काढला जातो. चकत्यांच्या प्रकारात तो बरोबर आहे, पण स्प्रिंग नसलेला हेलिकल आणि गव्हर्नरचा प्रकार चांगल्या स्थितीतही उलटेच फिरतात. चकत्यांसाठी खरी तपासणी टॉर्क रेंचची : जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून अडसर लावावेत, गिअर न्यूट्रल ठेवावा, हँडब्रेक सोडावा, एक मागचे चाक उचलावे आणि ते फिरवायला किती टॉर्क लागतो ते मोजून निर्मात्याच्या किमान आकड्याशी ताडून पाहावे. मात्र एक चाक जॅकवर असताना इंजिन सुरू करून गिअर कधीही टाकू नये. जमिनीवरचे चाक जोर घेते आणि ट्रक जॅकवरून निघतो. यात जीव जाऊ शकतो.

आकडा कमी आला तर चकत्या आणि स्प्रिंग बदलता येतात, पण केस बाहेर काढली की बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) आणि क्राउन-पिनियनचा (क्राउन व्हील आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरच्या जोडीचा) बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) पुन्हा तपासावाच लागतो, आणि हे काम घाईत केले तर बऱ्या झालेल्या डिफरन्शिअलबरोबर रडणारे क्राउन-पिनियन पदरी पडते. केस उघडलीच आहे तर पुन्हा चकत्या घालाव्यात की हेलिकल प्रकार बसवावा, हे गाडीच्या कामावर ठरवावे. ओझे ओढणाऱ्या आणि निसरड्या पण सपाट रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मी हेलिकल सुचवतो. खाचखळग्यांत जिचे चाक वरचेवर अधांतरी होते, तिला चालकाच्या हातातले लॉकच द्यावे.