प्लेटा जळाल्या, पण कशामुळे?

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची तक्रार बहुधा ठरलेली असते: आरपीएमचा काटा चढतो, गाडी मात्र ओढत नाही. ऑइल काळं निघतं, करपल्याचा वास येतो आणि आपण मेकॅनिक लगेच क्लचच्या प्लेटांचा सेट मागवतो. सेट बसतो, गाडी चालते, आणि काही महिन्यांत तीच प्लेट पुन्हा जळते. म्हणून आज सेट बसवण्यापेक्षा शोधण्यावर बोलू.

झेडएफ या जर्मन कंपनीचा सहा गिअरचा 6एचपी गिअरबॉक्स घ्या. बीएमडब्ल्यू, जॅग्वार, ऑडी या गाड्यांत तो सापडतो. त्यात ए, बी, ई हे तीन क्लच आणि सी, डी हे दोन ब्रेक (चाकांचे नव्हेत, गिअरबॉक्समधला भाग धरून ठेवणारे प्लेटांचे पॅक). प्रत्येक गिअरला यातले दोनच लागतात. पहिल्याला ए आणि डी, दुसऱ्याला ए-सी, तिसऱ्याला ए-बी, चौथ्याला ए-ई, पाचव्याला बी-ई, सहाव्याला सी-ई, रिव्हर्सला बी-डी. आता गाडी तिसऱ्यात, पाचव्यात आणि रिव्हर्समध्ये घसरते, बाकी ठीक, तर संशय कोणावर? बीवर. ए खराब असता तर पहिला, दुसरा आणि चौथाही घसरला असता. हे गिअरबॉक्स न उतरवता कळतं. स्कॅनरवर खात्री करा: तिसऱ्याचं गुणोत्तर 1.521 आहे. आउटपुट 1000 आरपीएम असताना इनपुट 1521च्या आसपास हवं. 1700 दिसलं, तर क्लच घसरतोय.

उघडल्यावर आधी जुन्या प्लेटा क्रमाने मांडून ठेवा. फ्रिक्शन प्लेटवर, म्हणजे अस्तर लावलेल्या प्लेटवर, अंगठ्याचं नख दाबा. चांगल्या अस्तरातून ऑइल वर येतं. करपलेलं अस्तर कोरडं, चकचकीत राहतं किंवा पापुद्रे सोडतं. स्टील प्लेटवर निळे-काळे डाग पडले असतील तर ती बाद. काचेवर ठेवून बघा. बशीसारखी वाकली असेल तरी बाद. पण काही पॅकमध्ये एक मुद्दाम लाटदार केलेली प्लेट असते. ती वाकडी समजून फेकू नका. होतं असं बऱ्याचदा.

मग खरा प्रश्न: दाब कुठे गळला? पिस्टनचं रबरी सील कडक झालंय का, त्याची कड (ओठ) फाटलीय का? क्लचच्या ड्रममधली चेक बॉल (ऑइलची वाट बंद करणारी छोटी गोळी) नीट बसते का? 6एचपीत मेकॅट्रॉनिक (व्हॉल्व्ह आणि इलेक्ट्रॉनिक्सचा एकत्र कंट्रोल भाग) आणि केसिंग यांच्या मधलं ब्रिज सील हमखास बघायचं. ते आकसलं की क्लचला पुरता दाब पोहोचत नाही, तो अर्धवट दाबला जातो आणि घासून घासून जळतो. सील स्वस्त असतं, तरी तेच बदलायचं राहून जातं.

जोडताना नव्या फ्रिक्शन प्लेटा किमान अर्धा तास त्याच गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये भिजू द्या. पॅक बसला की लॉक (पॅक अडवून धरणारी रिंग) आणि प्रेशर प्लेटच्या मधला गॅप फिलर गेजने मोजा. मॅन्युअलचा आकडा पहिला. तो हाताशी नसेल तर ढोबळमानाने दर फ्रिक्शन प्लेटमागे 0.25 मिमी, म्हणजे पाच प्लेटांना सव्वा मिमीच्या आसपास. गॅप जास्त आला तर जाड लॉक किंवा जाड स्टील प्लेट. नंतर क्लचला ऑइल पोहोचवणाऱ्या भोकातून अडीच-तीन बार हवा मारा. पिस्टन ‘धप्प’ करून बसला पाहिजे. बारीक सुस्कारा चालतो. सलग फुसफुस आली तर पुन्हा उघडा.

ऑइलची पातळी इंजिन चालू ठेवून, ऑइल 30 ते 50 अंशांत असताना बघायची. आणि अॅडॅप्टेशन (कंट्रोलरने शिकून ठेवलेले आकडे) रीसेट करायला विसरू नका, नाहीतर कंट्रोलर झिजलेल्या प्लेटांच्या हिशेबानेच नव्या प्लेटांच्या क्लचमध्ये ऑइल भरत राहतो, आणि पहिल्या फेरीतच गिअर धक्क्याने पडतात.