डॅशबोर्डवरच्या स्टॉपवॉचचे पैसे द्यावेत का?

मंडळी, स्पोर्ट्स कार मागवताना पर्यायांच्या यादीत एक ओळ हमखास भेटते. पोर्शेमध्ये तिचं नाव स्पोर्ट क्रोनो, बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांत एम लॅपटायमर, मर्सिडीज-एएमजीत ट्रॅक पेस, शेवरोले कॉर्व्हेटमध्ये परफॉर्मन्स डेटा रेकॉर्डर. नावं वेळ मोजण्याची, पण पेटीत काय आहे ते प्रत्येक ठिकाणी वेगळं. माझं मत आधीच सांगून टाकतो: नुसत्या घड्याळासाठी यातलं काहीही घेऊ नये. घड्याळाच्या मागे जे जोडलेलं असतं, त्यासाठी मात्र बऱ्याचदा जरूर घ्यावं.

स्पोर्ट क्रोनोच बघू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिच्याबद्दलच आहेत. डॅशबोर्डच्या मधोमध बसवलेलं गोल घड्याळ तेवढं दिसतं आणि लोक म्हणतात, एवढ्याशा काट्यासाठी इतके पैसे? पण पोर्शेच्या ९११ टर्बोची ९९७ ही पिढी, तीही सुरुवातीची, आठवा. तिचा टॉर्क ६२० न्यूटन-मीटर. क्रोनो असेल आणि स्पोर्ट बटण दाबलेलं असेल, तर पूर्ण थ्रॉटलला टर्बोचा बूस्ट (इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब) काही काळ, जास्तीत जास्त १० सेकंद, वाढायचा आणि टॉर्क ६८० वर जायचा. म्हणजे ६० न्यूटन-मीटर घड्याळाच्या नावाखाली विकले जात होते.

अलीकडच्या गाड्यांत फरक गिअरबॉक्सवर ठरतो. पोर्शे ७१८ केमनचा ताशी ० ते १०० किलोमीटरचा कंपनीने दिलेला आकडा मॅन्युअलला ५.१ सेकंद, पीडीकेला (पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ४.९ आणि पीडीके अधिक क्रोनोला ४.७. इंजिन तेच, ताकद तेवढीच. मग ०.२ सेकंद आले कुठून? क्रोनोसोबत येणाऱ्या लाँच कंट्रोलमधून, म्हणजे उभी गाडी झपाट्याने सोडणाऱ्या व्यवस्थेतून. गाडी पुरेशी तापलेली हवी आणि चाकं सरळ. स्पोर्ट प्लस हा क्रोनोचा सगळ्यात आक्रमक मोड निवडायचा, डाव्या पायाने ब्रेक घट्ट दाबायचा, उजव्या पायाने ॲक्सिलरेटर झटक्यात तळापर्यंत न्यायचा, पडद्यावर सूचना आली की ब्रेक एकदम सोडायचा. इंजिन ठरलेल्या आरपीएमवर थांबलेलं असतं आणि क्लच किती घसरू द्यायचा हे कॉम्प्युटर ठरवतो. इथे दोन चुका होतात. ब्रेक हळूहळू सोडला की गाडी ब्रेकशी झगडत निघते आणि क्लच उगाच तापतो. दुसरी चूक, पाठोपाठ लाँच करत राहणं. मधे थोडं अंतर सावकाश चालवून क्लच आणि गिअरबॉक्स थंड होऊ द्यावा लागतो.

मॅन्युअल घेणाऱ्याला यातलं काही मिळत नाही. स्टिअरिंगवरचं स्पोर्ट रिस्पॉन्स बटण, जे २० सेकंद गाडीला जास्तीत जास्त तत्पर ठेवतं, तेही पीडीकेसाठीच. पण म्हणून मॅन्युअलवाल्याने पाठ फिरवू नये. खालचा गिअर टाकताना आरपीएम आपोआप जुळवणं आहे, पीएसएम स्पोर्ट (पोर्शेच्या स्टॅबिलिटी कंट्रोलचा सैल मोड) आहे आणि ७१८ व ९९१ पिढीची ९११ यांसारख्या गाड्यांत डायनॅमिक इंजिन माउंट्स आहेत.

माउंट्सबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण यादी वाचताना ते सहज नजरेतून सुटतं. इंजिन रबरी माउंट्सवर टेकलेलं असतं. माउंट मऊ असेल तर थरथर आत येत नाही, पण वळणावर इंजिनचं वजन गाडीमागून क्षणभर उशिरा सरकतं. कडक असेल तर वळणात गाडी एकजीव राहते, पण रोजच्या वापरात कंपनं जाणवतात. डायनॅमिक माउंटमध्ये चुंबकीय क्षेत्राने घट्ट होणारा द्रव असतो. शांत चालवताना मऊ, जोरात चालवताना कडक. ही हार्डवेअरची गोष्ट आहे. मोड नंतर कोडिंगने सुरू करता येतील, माउंट्स मात्र सुटे भाग, वायरिंग आणि मजुरीसकट बसवावे लागतात. नंतर बघू म्हणणाऱ्याला हेच महागात पडतं.

पीएसएम स्पोर्ट मला सगळ्यात मोलाचं वाटतं. नेहमीचं स्टॅबिलिटी कंट्रोल ट्रॅकवर फार लवकर हात घालतं आणि ते पूर्ण बंद करणं शिकणाऱ्यासाठी धोक्याचं. या मधल्या पायरीत गाडीचं शेपूट थोडं सरकू दिलं जातं, पण आधार शाबूत राहतो. उलट, थ्रॉटल तीक्ष्ण करणाऱ्या मोडला फार भाव देऊ नका. त्याने पेडलचा पहिला अर्धा भाग चपळ वाटतो, तळाला मिळणारी ताकद तीच राहते.

आता खरोखर वेळ मोजण्याकडे येऊ. हाताने दाबायचं स्टॉपवॉच लॅपसाठी, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीसाठी, कुचकामी आहे. बटण दाबण्यात ०.१ सेकंद इकडेतिकडे झाला, तरी ताशी १८० किलोमीटरला गाडी तेवढ्यात ५ मीटर पुढे गेलेली असते. शिवाय हात त्या क्षणी स्टिअरिंगवर हवेत. जीपीएसवर चालणारं साधन हवं आणि ते सेकंदाला किती वेळा जागा नोंदवतं हे विचारायला हवं. त्याच वेगात १ हर्ट्झला (सेकंदाला एक नोंद) दोन नोंदींत ५० मीटर अंतर पडतं, १० हर्ट्झला ५, २५ हर्ट्झला २ मीटर. २०१५ मॉडेलच्या कॉर्व्हेटमध्ये आलेला, कॉसवर्थबरोबर बनवलेला रेकॉर्डर ५ हर्ट्झचा होता, पण त्यात ७२० पी कॅमेरा आणि गाडीच्या स्वतःच्या सेन्सरांची नोंद होती. थ्रॉटल किती उघडा, गिअर कोणता, स्टिअरिंगचा कोन किती, हे व्हिडिओवरच दिसतं. काचेवर चिकटवलेल्या साध्या जीपीएस पेटीला हे दिसत नाही, आणि शिकणाऱ्याला त्याचाच उपयोग जास्त. स्वतंत्र पेटी घेतलीत, तर धातूचा थर असलेल्या काचेमागे ती ठेवू नका, उपग्रहांचा सिग्नल दबतो.

लॅप जिथे सुरू आणि संपतो असं मानायचं, ती रेषा सरळ रस्त्यावर, ब्रेकिंगच्या बरीच आधी ठेवा. दोन नोंदींमधली वेळ साधन अंदाजाने भरतं आणि वेग झपाट्याने बदलत असेल तिथे तो अंदाज चुकतो. ० ते १०० मोजताना रस्त्याचा चढ-उतार पाहा. फक्त १ टक्का उतार असला तरी ४ सेकंदांच्या गाडीत सुमारे ०.०६ सेकंद फुकट मिळतात. पहिल्या १ फुटानंतर घड्याळ सुरू करायची पद्धतही आहे, तिने आकडा साधारण ०.२ ते ०.३ सेकंदांनी कमी येतो. दोन आकडे ताडून बघण्याआधी दोन्ही एकाच पद्धतीने मोजलेत का, हे विचारा.

ट्रॅकवर जायचं असेल, तर पॅकेजच्या आधी ब्रेक फ्लुइडकडे वळा. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक फ्लुइडचा उत्कलनबिंदू ताज्या फ्लुइडला किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषलेल्याला किमान १५५. वर्ष-दोन वर्षं तसंच राहिलेलं फ्लुइड लांब ब्रेकिंगमध्ये उकळतं आणि पेडल मऊ पडून खाली जातं. ताजं, जास्त उत्कलनबिंदूचं फ्लुइड, उष्णता सोसणारे पॅड, चांगले टायर आणि थांबून गरम टायरची हवा तपासणं, यांनी लॅपचा वेळ कोणत्याही बटणापेक्षा जास्त सुधारतो.

तर ऑर्डर देताना हिशेब असा करा. पीडीके घेताय आणि गाडी जोरात चालवणार आहात, तर क्रोनो घ्या. मॅन्युअल असेल, तर त्या मॉडेलच्या पॅकेजमध्ये माउंट्स आणि पीएसएम स्पोर्ट आहेत का ते लेखी विचारा, असतील तर घ्या. फक्त शहरात फिरणार असाल, तर तेच पैसे सीटवर खर्च करा. वापरलेली गाडी बघताना डॅशवरच्या गोल घड्याळावर विसंबू नका, काही मॉडेलांत ते निव्वळ शोभेचं म्हणूनही मिळतं. स्पोर्ट प्लस मोड खरंच आहे का ते तपासा आणि चासी नंबरवरून मूळ पर्यायांची यादी मागवा. आणि लॅप नोंदवायला सुरुवात करण्यापूर्वी विमा पॉलिसीतलं शर्यत आणि वेळ मोजण्याबद्दलचं कलम वाचा. पुष्कळ पॉलिसींत वेळ मोजून चालवणं वगळलेलं असतं, आणि तुमच्याच गाडीतली नोंद तुमच्याविरुद्ध पुरावा ठरू शकते.