बॉनेटखालची लाल माती

गणपती झाले की कोकणातून परत आलेली गाडी बाहेरून पाणी मारलं की चकाचक होते, पण बॉनेट उघडलं की कळतं गावाहून काय काय सोबत आलंय. ही आमची वॅगनआर, रत्नागिरीहून कुंभार्ली घाट चढून पुण्याला आलेली. आणि ही बघा जांभ्याची लाल माती, तेलाच्या चिकट थरावर बसून तिची नुसती पापडी झालीय.

मागच्या वर्षी एका वॉशिंग सेंटरला दिली होती, त्यांनी प्रेशरने इंजिन धुतलं आणि घरी येईपर्यंत गाडी मिसिंग मारायला, म्हणजे झटके देत चालायला लागली. मेकॅनिकने स्पार्क प्लगला करंट देणारी कॉइल उचलली तर खाली प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलेलं. फार वाईट वाटलं. तेव्हापासून हे काम घरीच, फडकं आणि ब्रशने.

इंजिन पूर्ण थंड पाहिजे, म्हणून आम्ही सकाळी चावी लावायच्या आधीच बसतो. तापलेल्या मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या लोखंडी नळ्यांवर, गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो, आणि तेल काढायचं केमिकल, म्हणजे डीग्रीझर, टेकताक्षणी वाळून डाग धरतं. मग अंगठी, घड्याळ उतरवून दहाच्या पान्याने बॅटरीचं मायनस सोडवायचं. आधी मायनसच, कारण मायनस जोडलेलं असताना प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते.

आता आईने धुवून ठेवलेल्या दुधाच्या पिशव्या आणि रबरबँड. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), फ्यूजबॉक्स, एअर फिल्टरचं तोंड, कॉइलची कनेक्टरं, सगळं झाकून घेतलं.

इथे जरा थांबूया. वायपरच्या खाली, जाळीच्या कोपऱ्यात वाळलेली पानं आणि काथ्या, म्हणजे उंदराने घर केलंय. हे कोरडं झाडायचं नाही हं, धूळ नाकात जाते. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा आजार, उंदराच्या लघवीतूनही पसरतो, त्यामुळे हातमोजे आणि मास्क घालून, आधी ओलं करून मगच उचलायचं. आणि हीच पानं पाणी जायचं भोक बुजवतात, मग पावसात पाणी थेट पायाखाली येतं. जवळच्या वायरीही एकदा हाताने तपासून घ्या, कुरतडलेली वायर मातीखाली दिसत नाही.

डीग्रीझर थेट इंजिनावर फवारायचा नाही. रंगाच्या जुन्या ब्रशवर घ्यायचा, तेलकट जागी लावायचा, पाचेक मिनिटं थांबायचं, वाळू द्यायचा नाही, आणि ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून काढायचा. कोपऱ्यात टूथब्रश. बेल्टला अजिबात लागू द्यायचा नाही, बेल्ट घसरतो, ओरडतो. आणि कळकळीने सांगतो, पेट्रोल-डिझेलने इंजिन पुसू नका. इंजिन चमकतं खरं, पण रबरी पाईप फुगतात, आणि गरम इंजिनावर पेट घेणारी वस्तू आपण आपल्याच हाताने फासलेली असते.

पिशव्या काढल्या, सुकं फडकं फिरवलं, बॉनेट उघडं ठेवून दोन-तीन तास ऊन दिलं. मायनस लावलं, स्टार्ट केली, दहा मिनिटं तशीच चालू ठेवली. आवाज एकसारखा, थरथर नाही.

दोन दिवसांनी पुन्हा बॉनेट उघडलं. सगळं स्वच्छ, फक्त टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून करंगळीएवढी ताजी काळी रेघ खाली उतरलेली. झाकणाखालचं तेल अडवणारं पॅकिंग गेलंय. म्हणजे मातीची पापडी धरून ठेवणारं तेल इथूनच येत होतं, आणि ते दिसलं आज.