निरोपाआधीचे सहा महिने

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय तो परदेशातली वैद्यकीय सेवा संपवून परतणाऱ्या कुटुंबाचा. म्हणजे मुलाबाळांविषयी, त्यांच्या तब्येतीविषयी ऐकायला तुम्ही आला आहात. तिकडे येतोच. पण परतीची तयारी बॅगा भरण्यापासून सुरू होते असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी आधी जरा भांडू द्या.

तिकिटावर एक तारीख असते. तिच्या कितीतरी आधी दुसरी तारीख ठरवावी लागते: या दिवसानंतर, पुढचं पाहणारं कुणी नसेल तर, लांबणारे उपचार सुरू करायचे नाहीत. जन्मतः पाय आत वळलेलं बाळ घ्या. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलतात, साधारण पाच-सहा वेळा. मग बहुतेकदा टाचेमागचा कंडरा (स्नायू हाडाला बांधणारा दोर) कापून शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवायचं. पाय सरळ दिसतो, आई खूश, फोटो निघतो. खरं काम पुढे आहे! पट्टीला जोडलेले बूट तीन महिने दिवसाचे तेवीस तास आणि नंतर चार वर्षांचं होईपर्यंत झोपेत. बूट महिन्या-महिन्याला आखूड होणार. पुढचा जोड देणारं कुणी नसेल तर पाय पुन्हा वळतो. मग दोष कुणाला, तर आईला!

प्रसूती अडून पडल्यामुळे होणाऱ्या फिस्टुलाच्या, म्हणजे मूत्राशय आणि योनीमध्ये पडलेल्या भोकाच्या, शस्त्रक्रियेचंही तेच. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, साधारण एक ते दोन आठवडे वाहता राहायला हवा. तुंबला की मूत्राशय फुगतं आणि टाके उसवतात. रात्री दोन वाजता तो तुंबलाय हे ओळखणारी नर्स तयार नसेल, तर शेवटच्या महिन्यात सुरीला हात लावू नये. पण शेवटच्या महिन्यातच ‘जाता जाता एवढ्या उरकून टाकू’ असा उत्साह येतो. (हशा) हसताय, म्हणजे ओळखीचं दिसतंय.

फेफऱ्याच्या रुग्णांची वही वेगळी काढा. ‘औषध चालू ठेवावे’ या वाक्याला काही अर्थ नाही. फिनोबार्बिटोन किती मिलिग्रॅम, केव्हा, कपाटात किती आठवड्यांचा साठा, पुढची मागणी कोण नोंदवणार, हे लिहा. ते एकदम बंद पडलं तर झटके एकामागून एक येतात, थांबत नाहीत.

आता माझं जुनं दुखणं: ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र. हस्तांतराच्या यादीत ‘यंत्र १, चालू स्थितीत’ असं लिहितात आणि सही करतात. या यंत्रात झिओलाइटचे दाणे असतात. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात. मागचा स्पंजाचा फिल्टर आठवड्याला धुवायचा आणि पूर्ण वाळवून बसवायचा. धूळ साचली की यंत्र तापतं, दमट हवा आत शिरत राहिली की दाणे निकामी होतात. गंमत अशी की प्रवाहमापकातली गोळी तरीही पाच लिटरवरच तरंगते! येणारी हवा मोजली जाते, तिच्यातला ऑक्सिजन नाही. तो ८२ टक्क्यांच्या खाली गेलाय हे ऑक्सिजन मोजणारा विश्लेषकच सांगतो, आणि विश्लेषक बहुधा निघणाऱ्या डॉक्टरच्या बॅगेत. फिल्टरचे दोन जादा जोड, व्होल्टेज स्टॅबिलायझर आणि विश्लेषक मागे ठेवा. मानपत्र खुशाल घेऊन जा.

आफ्रिकेत गॅबनमधल्या लांबारेने इथं दवाखाना चालवणारे डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर आणि त्यांच्या पत्नी यांना १९१७ मध्ये तिथून नजरकैदेत नेलं. हस्तांतराला सवडच नव्हती. १९२४ मध्ये डॉक्टर पत्नीविना परतले तेव्हा दवाखाना मोडकळीला आलेला. सकाळी रुग्ण, दुपारी बांधकाम. तुम्हाला तर कुणी अटक करत नाही!

संयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, कुटुंब.

मलेरियाची प्रतिबंधक गोळी विमानात बसलं की सुटत नाही: डॉक्सीसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन आणखी चार आठवडे, अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस. तरीही व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया यकृतात लपून महिन्यांनी उठतो. त्यावरच्या प्रायमाक्विन औषधाआधी जी-सिक्स-पीडी तपासणी हवीच; हे विकर रक्तात कमी असेल तर त्या औषधाने रक्तपेशी फुटतात. मुलं तळ्यात पोहली असतील तर बिल्हार्झियाची (पाण्यातून कातडीवाटे शिरणाऱ्या कृमींच्या रोगाची) रक्ततपासणी शेवटच्या पोहण्यानंतर तीन महिन्यांनी करा, घाईत केली तर खोटा दिलासा मिळतो. स्ट्राँगिलॉइडिस जंत वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि स्टिरॉइड दिलं की अंगभर पसरतो. दम्यासाठी स्टिरॉइड घेण्याची वेळ आली तर कुठं राहून आलोय हे डॉक्टरांना आधी सांगा.

‘परत’ हा शब्द आईवडिलांचा. तिथं वाढलेलं मूल परतत नसतं, ते घर सोडून निघालेलं असतं. सांभाळणाऱ्या बाईंचा, मित्रांचा, कुत्र्याचा नीट निरोप घ्यायला त्याला वेगळा दिवस द्या. निरोप समारंभाचा दिवस त्यात धरू नका, तिथं त्याला फक्त पुष्पगुच्छ धरून उभं करतात.

आणि नोंदणी! तिथल्या वैद्यकीय परिषदेकडून डॉक्टरच्या सचोटीचा दाखला बरेचदा थेट इकडच्या परिषदेला जातो, त्याला कितीतरी आठवडे लागतात. अर्ज तिथं असतानाच करा, पतीचा आणि पत्नीचा वेगवेगळा. लसीकरणाची मूळ कार्डं हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको. दुसरी चिठ्ठी आली. थांबतो.